जामीन राहिलेल्या मतदाराचा राग

‘‘निवडणूक होऊन तीन महिने झाले, पण हिच्या डोक्यातून ती काही जात नाही. जिंकलेल्यांवर चिडली असती तर एक वेळ समजलं असतं. ही आपल्याच पक्षाच्या नेत्यांना शिव्या घालते! भांडी घासतानासुद्धा बायडेन. ताई, हा काही आजार आहे का?’’

फेब्रुवारी 2025 मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या बक्स काउंटीतून एका काकांनी मला हे विचारलं. अमेरिकेत मराठी कुटुंबांचं समुपदेशन करताना असे फोन दर चार वर्षांनी येतात. पक्ष बदलतो, नेत्याचं नाव बदलतं, तक्रार तीच. 2021च्या जानेवारीत एक गृहस्थ ट्रम्प यांचे उपाध्यक्ष माइक पेन्स यांच्यावर असेच दिवसरात्र जळफळत होते. ट्रम्प यांच्यावर नाही, बायडेन यांच्यावरही फारसं नाही. राग सगळा ‘आपल्यातल्या’ माणसावर.

काकांच्या प्रश्नाचं उत्तर आधी देऊन टाकते. आजार नाही. 2016 नंतर इथल्या वर्तमानपत्रांनी ‘निवडणुकोत्तर तणाव विकार’ असं भारदस्त नाव काढलं होतं, पण निदानाच्या अधिकृत पुस्तकात असा कोणताही विकार नाही. निवडणुकीचा ताण मात्र खोटा नाही. अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनच्या 2024च्या पाहणीत 69 टक्के प्रौढांनी अध्यक्षीय निवडणूक हे आपल्या ताणाचं मोठं कारण असल्याचं सांगितलं होतं. 2012च्या निवडणुकीनंतर झालेल्या एका अभ्यासात असंही दिसलं की हरलेल्या बाजूच्या मतदारांचं मन जितकं खचतं, तितका आनंद जिंकलेल्यांना होत नाही. पण हे खचणं साधारण आठवड्याभरात ओसरतं. काकूंचं ओसरलं नव्हतं, उलट चढत गेलं होतं. म्हणून मी भेटायला तयार झाले.

(काकूंच्या परवानगीने लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. काउंटी तेवढी खरी ठेवली, कारण तिच्याशिवाय गोष्ट कळणार नाही.)

काकू मूळच्या सांगलीकडच्या, वय साठीच्या आसपास, नोकरीतून नुकत्याच निवृत्त. नागरिकत्व घेतल्यापासून एकही मतदान चुकवलेलं नाही. 2024च्या उन्हाळ्यापासून नोव्हेंबरपर्यंत त्या डेमोक्रॅटिक पक्षासाठी दारोदार फिरल्या, संध्याकाळी अनोळखी लोकांना फोन लावले. गुडघा दुखत असताना. 5 नोव्हेंबरला पेनसिल्व्हेनिया ट्रम्प यांच्याकडे गेलं, सुमारे एक लाख वीस हजार मतांनी. अध्यक्ष ठरवणारी राज्याची 19 प्रतिनिधी-मतं गेली आणि बक्स काउंटीही गेली, तीही काही शे मतांच्या फरकाने. 1988 नंतर पहिल्यांदाच तिथे रिपब्लिकन उमेदवार पुढे राहिला. ज्यांच्या अंगणात त्या पत्रकं टाकून आल्या होत्या, तेच हे गाव.

पहिल्या भेटीत त्यांनी मला बोलूच दिलं नाही. मीही प्रयत्न केला नाही. बायडेन यांनी 81व्या वर्षी पुन्हा उभं राहण्याचा हट्ट का धरला? 27 जूनच्या अटलांटातल्या ट्रम्प यांच्याबरोबरच्या वादसभेत त्यांचं जे थकलेपण साऱ्या जगाला दिसलं, ते त्यांच्या जवळच्या माणसांना आधी दिसलं नव्हतं? माघार 21 जुलैला, म्हणजे त्यांच्या जागी उभ्या राहिलेल्या कमला हॅरिसबाईंच्या हातात उरले 107 दिवस. एवढ्या दिवसांत इथे लग्नाचा हॉल मिळत नाही, हे त्यांचंच वाक्य. प्रचाराला शंभर कोटी डॉलरहून जास्त जमले, ते कुठे गेले? आणि हरल्यावरही देणगी मागणारे संदेश येतातच आहेत! फोन माझ्यासमोर धरून त्यांनी दाखवले.

यातलं बरंचसं मुद्देसूद होतं, आणि हे मला मुद्दाम सांगायचं आहे. आमच्या व्यवसायात एक खोड आहे: माणूस राजकारणाबद्दल चिडून बोलायला लागला की ‘हे खरं कशाबद्दल आहे’ म्हणून लगेच बालपण उकरायला घ्यायचं. मला ते अपमानकारक वाटतं. मतदार नेत्यावर रागावतो, कारण कधी कधी नेता रागावण्यासारखं वागलेला असतो. तो राग लोकशाहीत असायचाच. मी काकूंची समजूत काढायला बसले नव्हते, आणि बायडेन यांची वकिली करायला तर मुळीच नाही.

तरी एक गोष्ट मला खटकत होती. काकांच्या सांगण्यानुसार निकालानंतर पहिले काही दिवस काकू रडल्या, मग सावरल्या, मंडळाच्या दिवाळी कार्यक्रमालाही गेल्या. भडका उडाला तो नोव्हेंबरच्या अखेरीस. 6 जानेवारीला तो शिगेला पोचला. त्या दिवशी कमला हॅरिस यांनी उपाध्यक्ष या नात्याने संसदेत मतमोजणीचं अध्यक्षपद भूषवलं आणि स्वतःच्या पराभवाचे आकडे स्वतः वाचले: ट्रम्प 312, हॅरिस 226. काकू टीव्हीसमोर उभ्या राहून ओरडल्या, ‘‘चेहऱ्यावरची रेष तरी हलू दे!’’

‘‘रेष हलली असती तर काय झालं असतं?’’ मी विचारलं.

‘‘त्यांनाही लागलंय, हे कळलं असतं. यांचं काय हो, भाषणं देतील, पुस्तकं लिहितील, उद्या पुन्हा उभे राहतील. दारात उभी राहून बोलणी मी खाल्ली.’’

उपाध्यक्षाच्या त्या खुर्चीवर बसून आपलाच पराभव जाहीर करणं 1961 मध्ये रिचर्ड निक्सन यांच्या वाट्याला आलं होतं, 2001 मध्ये अल गोर यांच्या. गोर यांच्या बाजूने काही खासदार एकामागून एक हरकत घ्यायला उठले. सोबत एकाही सिनेटरची सही नाही म्हणून गोर यांनीच त्या फेटाळल्या. फ्लोरिडा 537 मतांनी गेलेलं, फेरमोजणी सर्वोच्च न्यायालयाने थांबवलेली, आणि हा माणूस नियमावर बोट ठेवून आपल्याच लोकांना खाली बसवतो! त्याचे समर्थक किती संतापले असतील? तो संताप पुढे अनेक वर्षं वाटला गेला. फ्लोरिडात 97 हजारांवर मतं घेणारे ग्रीन पक्षाचे उमेदवार राल्फ नेडर यांच्यावर, त्यांना मतं देणाऱ्यांवर, आणि स्वतःचं टेनेसी राज्यसुद्धा न राखू शकलेल्या गोर यांच्यावर. 1980 मध्ये जिमी कार्टर यांनी पश्चिमेकडचं मतदान संपण्याआधीच हार मान्य केली, तेव्हा तिकडचे त्यांच्याच पक्षाचे लोक किती भडकले होते! माझ्या त्या 2021च्या गृहस्थांचा राग तर त्याच खुर्चीवर बसलेल्या पेन्स यांनी नियमाप्रमाणे मोजणी पुरी केली याचाच होता. म्हणजे नेत्याने वेळेआधी हार मानली तरी राग, शांतपणे मानली तरी राग.

हे मी काकूंना सांगितलं ते त्यांना धीर यावा म्हणून. आला नाही. ‘‘तेव्हा मी नागरिक नव्हते,’’ त्या म्हणाल्या, ‘‘ती माझी निवडणूक नव्हती.’’ बरोबरच होतं त्यांचं. इतिहास सांगून कुणाचा राग उतरत नाही. पण त्यातूनच पुढचं निघालं, कारण मी विचारलं की मग ही ‘माझी’ कशी झाली.

तेव्हा त्या दारांबद्दल बोलू लागल्या. मे महिन्यातल्या एका दाराबद्दल. एक म्हातारे गृहस्थ म्हणाले होते, मत देतो, पण हा माणूस चार वर्षं टिकेल का? काकूंनी सांगितलं होतं, टिकेल, मी सांगते ना. ओळखीच्या मैत्रिणींना, मंडळातल्या लोकांना, सगळ्यांना तेच सांगितलं होतं. आणि मुलाला. मुलगा फिलाडेल्फियात राहतो, सव्वीस वर्षांचा. त्याने वसंतातच म्हटलं होतं, ‘‘आई, ते थकलेत. तुला दिसत नाही का?’’ गाझाच्या प्रश्नावरूनही तो बायडेन यांच्यावर नाराज होता. काकूंनी त्याला फोनवर झाडलं, तुम्हा पोरांना सगळं आयतं हवं, वगैरे. त्यानंतर बोलणं कमी झालं. थँक्सगिव्हिंगला तो घरी आला आणि जेवताना सहज सांगून गेला, की अध्यक्षपदाचा रकाना त्याने कोराच ठेवला, बाकीची मतं दिली.

थँक्सगिव्हिंग, म्हणजे नोव्हेंबरची अखेर.

‘‘तुम्ही काय म्हणालात त्याला?’’

‘‘काही नाही. भाजी वाढली.’’

बराच वेळ गेल्यावर त्या आपणहून म्हणाल्या, ‘‘माझे वडील एकदा पतसंस्थेत शेजाऱ्याला जामीन राहिले होते. तो पळाला नाही, गावातच होता, हसून नमस्कार करायचा. हप्ते आम्ही भरले. वडिलांना त्याच्यापेक्षा त्याचा तो नमस्कार सहन व्हायचा नाही.’’

याहून नेमकं मला सांगता आलं नसतं. विरोधकाने हरवलं तर दुःख होतं. पण ज्याच्यासाठी आपण चारचौघांत शब्द टाकला, तो उघडा पडला की आपला शब्दही पडतो. काकूंनी त्या शब्दापायी मुलाशी भांडण घेतलं होतं, आणि मुलगा निदान वयाच्या बाबतीत बरोबर निघाला. कोऱ्या रकान्याबद्दल त्याच्यावर रागवायचं तर आधी हे कबूल करावं लागणार. त्यापेक्षा बायडेन सोपे. ते रोज टीव्हीवर सापडतात आणि उलट बोलत नाहीत.

म्हणून बायडेन यांच्यावरचा राग खोटा ठरतो का? नाही. दोन कर्जं एकाच वहीत लिहिली गेली होती, एवढंच. मी त्यांना ती वेगळी लिहायला सांगितली, खरोखर कागदावर, मराठीत. पहिल्या कागदावर पक्षाकडून आणि नेत्यांकडून काय येणं आहे ते. दुसऱ्यावर घरातलं. पहिला कागद भरभरून आला, दोन्ही बाजूंनी. दुसऱ्यावर पुढच्या भेटीपर्यंत एकच ओळ होती आणि ती त्यांनी मला वाचून दाखवली नाही.

पहिल्या कागदाचं काम तुलनेने सोपं. त्यांची दरमहा पंचवीस डॉलरची देणगी खात्यातून आपोआप जात होती. रोज शिव्या आणि महिन्याला पंचवीस डॉलर! ती थांबवायची का, हे त्यांनी ठरवायचं होतं. त्यांनी थांबवली आणि का थांबवली ते काउंटीच्या पक्ष कार्यालयाला सविस्तर लिहून कळवलं. उत्तर आलं ते छापील आभाराचं. त्यावर आम्ही दोघी मनसोक्त हसलो; काकूंना हसताना मी पहिल्यांदा पाहत होते. रात्री जेवणानंतरच्या राजकीय चर्चा बंद करायचं काकांनी सुचवलं होतं, ते मी करू दिलं नाही. बातम्या बघा, पण झोपायच्या आधी नको आणि फोन हातात घेऊन नको, एवढंच. एकाच क्लिपवर पाचव्यांदा तेच उगाळण्याने माहिती वाढत नाही, रक्तदाब तेवढा वाढतो.

नेत्यांवरच्या रागाचं काय करायचं, याचं माझं उत्तर दरवेळी जवळपास तेच असतं: ज्या निवडणुकीत उमेदवार तुम्हाला नावाने ओळखू शकतो, तिथे जा. पेनसिल्व्हेनियात शाळा मंडळाच्या आणि गावपातळीच्या निवडणुका विषम वर्षी होतात, म्हणजे 2025 मध्ये होत्याच. काकूंना प्रचार मात्र नको होता. ‘‘आता कुणासाठी शब्द टाकणार नाही.’’ मग त्यांनी मे महिन्यात, पक्षांचे उमेदवार ठरवणाऱ्या प्राथमिक फेरीत, मतदान केंद्रावर काम करायला नाव दिलं. तिथल्या टेबलावर दोन्ही पक्षांची माणसं शेजारी शेजारी बसतात, नियमच तसा आहे. त्यांच्या शेजारी ट्रम्प यांच्या लाल टोपीवाल्या समर्थकांपैकी एक बाई होत्या. दिवसभर दोघींनी याद्या तपासल्या. त्या बाईंनाही आपल्या पक्षाच्या नेत्यांबद्दल चिकार तक्रारी होत्या, असं काकूंनी मला जरा समाधानानेच सांगितलं.

दुसऱ्या कागदाला वेळ लागला. मुलाला फोन करून ‘चुकलं माझं’ म्हणायचा सल्ला मी दिला नाही. काय चुकलं आणि काय नाही, यावर त्यांचं स्वतःचंच एकमत नव्हतं. वयाबद्दल तू बरोबर होतास, हे त्यांना म्हणता येत होतं. रकाना कोरा ठेवलास ते मला पटलं नाही, हेही त्यांना म्हणायचंच होतं. दोन्ही एकाच फोनमध्ये बोलाव्यात की नाही, यावर आमची एक अख्खी भेट गेली. शेवटी त्यांनी पहिली गोष्ट फोनवर सांगितली आणि दुसरी तो घरी आला तेव्हा. दुसऱ्या वेळी वाद झाला, चांगला तासभर. काकांनी मला काळजीने कळवलं, पण मला ती बातमी चांगलीच वाटली. भाजी वाढून गप्प बसण्यापेक्षा तासभर भांडलेलं बरं.

हे वाचणाऱ्यांपैकी ज्यांच्या घरी असंच चाललं असेल, त्यांच्यासाठी काकांना सांगितलेलं आणखी थोडं. राग लांबला म्हणून घाबरू नका. तो कधी वाढला आणि त्या आठवड्यात घरात काय घडलं होतं, हे मात्र आठवून पाहा. झोप, जेवण, कामधंदा बिघडला असेल, दारू वाढली असेल, किंवा कुणाला इजा करण्याची, कार्यालयात धमकीचा फोन करण्याची भाषा येत असेल, तर समुपदेशक शोधण्यात वेळ घालवू नका, लगेच डॉक्टरांकडे जा. स्वतःचं बरंवाईट करण्याचे विचार असतील तर अमेरिकेत 988 हा क्रमांक चोवीस तास चालू असतो. आणि ‘सोड ना, राजकारणच आहे ते’ हे वाक्य कृपया वापरू नका. महिनोन्महिने दारोदार फिरलेल्या माणसाला ते थपडेसारखं लागतं.

काकू आता येत नाहीत, गरज पडली तर येते म्हणाल्या. बायडेन यांच्यावर त्या आजही चिडतात, हॅरिसबाईंबद्दल थोड्या मवाळ झाल्या आहेत. निरोप घेताना मी विचारलं, 2026 मध्ये पुन्हा दारं ठोठावणार का?

‘‘बघू,’’ त्या म्हणाल्या. ‘‘आधी उमेदवाराला भेटते. मग ठरवते.’’