२,१४,७४,८३,६४७ ही मूळ संख्या आहे, हे ऑयलर यांनी कसे ठरवले?

प्रश्न : संगणकातील ३२ बिटांच्या (म्हणजे ० किंवा १ अशा ३२ अंकांच्या) चिन्हयुक्त, म्हणजे धन किंवा ऋण असू शकणाऱ्या, पूर्णांकाची कमाल मर्यादा २,१४,७४,८३,६४७ असते. ही मूळ संख्या असल्याचे स्विस गणितज्ञ लिओनार्ड ऑयलर यांनी १७७२ मध्येच दाखवून दिले, असे वाचनात आले. यंत्राविना इतके भागाकार त्यांनी कसे केले असतील? आणि मूळ आहे म्हणूनच ही संख्या संगणकासाठी निवडली गेली का?

उत्तर : दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण ते ‘नाही’ इतकेच आहे. ३२ पैकी एक बिट चिन्हाकडे गेले की ३१ उरतात आणि ते सर्व १ असले की २ च्या ३१व्या घातातून १ वजा केलेली ही संख्या मिळते. याच हिशेबाने १६ बिटांत ३२,७६७ मिळते आणि तिला तर ७ ने भाग जातो.

ऑयलर यांचे काम अधिक रंजक आहे. आपल्या संख्येचे वर्गमूळ ४६,३४० च्या किंचित पुढे असल्याने तिथपर्यंतच्या सर्व, म्हणजे सुमारे ४,८०० मूळ संख्यांनी भागून पाहणे हा सरळ मार्ग झाला. दृष्टी जवळजवळ गेलेल्या ऑयलर यांना तो परवडणारा नव्हता.

समजा, ‘भ’ ही मूळ संख्या तिला निःशेष भागते. मग २ च्या ३१व्या घाताला भ ने भागल्यास बाकी १ उरते. अशी बाकी देणारा सर्वांत लहान घातांक ३१ चा विभाजक असावा लागतो आणि ३१ ही स्वतःच मूळ संख्या असल्यामुळे तो ३१ च असतो. फर्मा यांच्या प्रमेयानुसार भ−१ हा घातांकही बाकी १ देतो. म्हणून भ−१ ला ३१ ने, आणि भ विषम असल्यामुळे ६२ नेही, भाग गेलाच पाहिजे. शिवाय २ चा ३२वा घात हा पूर्ण वर्ग असून त्याची बाकी २ येते, आणि हे भ ला ८ ने भागून १ किंवा ७ उरत असेल तरच घडते.

दोन्ही अटी एकत्र केल्या की भ ला २४८ ने भागल्यावर १ किंवा ६३ च उरू शकतात. वर्गमुळापर्यंत अशा संख्या, १ आणि ६३ वगळता, फक्त ३७२ आहेत. त्यांतल्याही २४९ (३×८३), ४९७ (७×७१) यांसारख्या संयुक्त संख्या गळतात. खऱ्या अर्थाने तपासायची पहिली संख्या ३११; तिने भागल्यास बाकी ३५ उरते. पुढेही कोठेच भाग निःशेष जात नाही.

संगणकात या संख्येच्या मूळपणाचा उपयोग मात्र नंतर झाला. यादृच्छिक भासणाऱ्या संख्या तयार करण्याच्या १९६९ मधील एका प्रसिद्ध पद्धतीत आधीच्या संख्येला १६,८०७ ने गुणून येणाऱ्या गुणाकाराला हिने भागतात आणि बाकी पुढची संख्या म्हणून घेतात. भाजक मूळ असल्यामुळे आणि गुणक नेमका निवडल्यामुळे १ ते २,१४,७४,८३,६४६ पर्यंतची प्रत्येक संख्या एकदा येऊन गेल्याशिवाय कोणतीही पुन्हा येत नाही.