पाव घ्यायचा, पण बोलायचं कसं?

प्रश्न : शिक्षणासाठी जर्मनीत श्टुटगार्टला एकटीच राहते. कधीकधी शुक्रवार ते सोमवार तोंडातून शब्द निघत नाही. कोपऱ्यावरच्या बेकरीतल्या बाईंशी ओळख वाढवावीशी वाटते, पण त्या पाव देतात की लगेच पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळतात. माझं काही चुकतं का?

उत्तर : अगं, तुझी फक्त वेळ चुकते. सकाळी साडेसातला रांग दाराबाहेर गेलेली असताना गप्पा कोण मारणार? दुपारी तीनच्या सुमारास जा.

मीही तिथे दोन वर्षं काढलीत. पुस्तकात शिकवलेले 'ब्र्योटशेन', म्हणजे छोटे पाव, मागायचे. एकदा शेजारच्या आजोबांचं ऐकून 'वेकले' मागितले. तिकडच्या बोलीत छोट्या पावाला तेच म्हणतात. काउंटरमागच्या बाईंनी चिमटा हातातच धरून पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं, हसल्या आणि उच्चार दुरुस्त केला. मग रोज एक शब्द! दिवाळीत मी चकल्या नेल्या. त्यांना वाटलं, आमच्याकडचं 'ब्रेत्सेल', म्हणजे त्यांचा तो वेटोळ्याचा खारा पाव, असणार. तिखट लागल्यावर कळलं बिचाऱ्यांना.

एक सांभाळ. जर्मनमध्ये 'झी' म्हणजे तुम्ही, 'डू' म्हणजे तू. आपण होऊन 'डू'वर उतरू नकोस; ते वडीलधाऱ्यानं सुचवायचं असतं. माझ्या बाई शेवटपर्यंत 'झी'वरच राहिल्या, तरी मैत्री होतीच की.

आणि रविवारी बाकी दुकानं बंद असतात, पण बऱ्याच बेकऱ्या सकाळी काही तास उघडतात. तुझा तो मुका शनिवार-रविवार तिथेच मोडेल. येताना मलाही एक वेकले आण म्हटलं असतं!