दात तुटतायत म्हणून मेटल गिअर घेऊ नका

तुमच्या प्रोजेक्टचा फोटो बघून पोटात गोळाच आला. 25 खुंट्यांचं टेबल, लॅपटॉपवरचा आकार उभा करायला प्रत्येक खुंटी सर्वोने (गिअरवाल्या छोट्या मोटरने) वरखाली होते; खुंटी वरून दाबली की सर्वोच्या गिअरचे दात जातात, म्हणून तुम्ही विचारताय, 'मेटल गिअरचे कुठले घेऊ?' मीही घेतले होते. दात टिकले, पण खुंटी दबेचना. लॅपटॉपवरचा डोंगर टेबलावर उभा राहायचा, त्याचा माथा हाताने बसवायला जावं तर ढिम्म. मग ते मॉडेलिंग कसलं, नुसता देखावा.

अमेरिकेतल्या एमआयटीच्या 'इनफॉर्म' नावाच्या अशाच टेबलात (2013, 30 बाय 30, म्हणजे 900 खुंट्या) सर्वो नाहीतच. साउंडवाल्यांच्या मिक्सरवर आपोआप सरकणारे फेडर (आवाज कमीजास्त करायच्या सरकपट्ट्या) असतात ना, ते आहेत. मोटर सरकवते आणि आतला पोटेन्शिओमीटर (सरकेल तसा रोध बदलणारा भाग) जागा सांगतो. सांगितलेली उंची आणि खरी उंची यांत फरक पडला की समजायचं, कुणीतरी दाबतंय. मग दाबलेली उंचीच नवी उंची धरायची.

हे मला तेव्हाही माहीत होतं. तरी सर्वोवर आलो तो खरेदी विभागामुळे (संस्थेचं नाव राहू दे), आणि खरं तर माझ्याच गाढवपणामुळे. मागणीपत्रात वस्तूच्या रकान्यात लिहिलं 'स्लाइड पोटेन्शिओमीटर, 100 मिमी' (फेडरचंच कागदावरचं नाव) आणि 'मोटरसह' लिहिलं शेऱ्यात. तीन कोटेशनं, तुलना तक्ता, सर्वांत कमी दर, सह्या. दोन महिने गेले. खोकं उघडलं तर 40 फेडर, सगळे बोटाने सरकवायचे! परत करायला गेलो तर म्हणे, "सर, वस्तूच्या रकान्यात आहे तेच आलंय. शेरा टेंडरला जात नाही." प्रदर्शनाला तीन आठवडे उरले होते. पुण्याच्या तपकीर गल्लीत, इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, मिळाले ते सर्वो उचलले.

तर 'मोटरसह' हा शब्द वस्तूच्या नावातच घाला, पार्ट नंबरसकट. बजेट नसेल तर नऊच खुंट्या करा, पण दबणाऱ्या. परीक्षकांना 25 हव्या असतील तर माझं ऐकू नका, मार्क तुमचे आहेत.

बाकी, मी मेकॅनिकलचा नाही, पण: सगळ्या मोटरी एकदम चालू करू नका, करंट पुरत नाही आणि कंट्रोल बोर्ड रीसेट होतो. जागेवर पोचूनही खुंटी थरथरत असेल तर मिलिमीटरभर चूक चालवून घ्या आणि मोटर बंद करा. जाळीत घासत असेल तर मेणबत्ती चोळा. तेल नको, धूळ धरतं.

ते 40 फेडर अजून लॅबच्या कपाटात आहेत, डेड स्टॉकला (संस्थेच्या टिकाऊ वस्तूंच्या नोंदवहीत) चढवलेले. दर मार्चला एक जण येऊन मोजून जातो.