शंका-समाधान : जेलच्या पट्टीतल्या गाठी

प्रश्न : एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी जखमेवर लावायची पीव्हीएची (पॉलिव्हिनाइल अल्कोहोलची) हायड्रोजेल, म्हणजे पाणी धरून ठेवणाऱ्या जेलची, पट्टी करते आहे. धागे जोडणारं रसायन, ग्लुटराल्डिहाइड, कमी पडलं की पट्टी बुळबुळीत होऊन पाण्यात विरते. जास्त झालं की पाणी शोषत नाही, वाकवली की तडकते. नेमकं किती घालावं?
– विद्यार्थिनी, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : प्रमाण शोधण्याआधी ग्लुटराल्डिहाइडच सोडा. ते पेशींना मारक आहे, आणि कितीही धुतलं तरी थोडं मागे राहण्याची धास्ती असतेच.

तुम्हाला दिसलं ते मात्र क्रॉसलिंकिंगचं, म्हणजे रेणूंच्या लांब धाग्यांना एकमेकांशी गाठी पडण्याचं, नेहमीचं वागणं आहे. कोल्हापुरी चपलेचं कातडं बाभळीची साल आणि हिरडा घालून कमावतात, तेव्हाही हेच होतं. कच्चं कातडं पाण्यात फुगतं, कुजतं. सालीतलं टॅनिन कातड्यातल्या कोलॅजेन या प्रथिनाचे धागे एकमेकांना बांधतं, मग ते पाण्याला दाद देत नाही. जेलमध्ये गाठी वाढल्या की जाळी बारीक होते, फुगणं घटतं, आत भरलेलं औषध सावकाश बाहेर येतं. ताकदही वाढते, पण एका हद्दीपर्यंतच. पुढे दोन गाठींमधला धागा इतका आखूड होतो की त्याला ताणायला जागा उरत नाही, आणि पट्टी काचेसारखी तुटते.

रसायनाशिवाय गाठी पाडायच्या तर गोठवणं-वितळवणं बरं. 10 ग्रॅम पीव्हीए 100 मि.लि. ऊर्ध्वपातित पाण्यात, झाकण ठेवून, 90 अंशांवर ढवळत पूर्ण विरघळवा. दोनेक तास लागतात. बुडबुडे निघून गेले की पेट्री डिशमध्ये 3-4 मि.मी. थर ओता, वर प्लॅस्टिक ताणून लावा, नाहीतर फ्रीझरमध्ये पृष्ठभाग सुकून साय धरतो. उणे 20 अंशांवर 12 तास, मग खोलीच्या तापमानाला 6 ते 8 तास. अशा 3 फेऱ्यांनी मऊ पट्टी मिळते, 5 फेऱ्यांनी घट्ट. बर्फ होताना धागे दाटीवाटीने एकत्र येतात, त्यांचे बारीक स्फटिक बनतात. तेच इथे गाठींचं काम करतात.

पट्टी तरीही लिबलिबीत राहिली तर बाटलीवरचं लेबल वाचा. 98-99 टक्के हायड्रोलाइज्ड, म्हणजे ॲसिटेट गट जवळपास सगळे काढून टाकलेला, पीव्हीए हवा. 87-89 टक्क्यांचा थंड पाण्यातही लवकर विरघळतो म्हणून हाताळायला सोपा वाटतो, पण त्यात उरलेले ॲसिटेट गट स्फटिक नीट जमू देत नाहीत. आणि ही पट्टी ऑटोक्लेव्हमध्ये (दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्रात) घालू नका: 121 अंशांवर स्फटिक वितळून डिशमध्ये पुन्हा द्रावण दिसेल. गॅमा किरणांनी निर्जंतुक करता येते, नेहमीची मात्रा 25 किलोग्रे. पाण्यात फुगलेल्या पीव्हीएत त्या किरणांनी आणखी गाठीही पडतात, म्हणून मोजमापं किरणांनंतरच घ्या. मिश्रणात अल्जिनेट (समुद्री शेवाळातून मिळणारा पदार्थ) असेल तर उलटं होतं, त्याचे धागे तुटतात.

मोजताना दोन आकडे पुरेत. तुकडा 50 अंशांवर वजन स्थिर होईपर्यंत सुकवा, 48 तास पाण्यात ठेवा (पाणी बदलत), पुन्हा सुकवून तोला. उरलेल्या वजनाची टक्केवारी म्हणजे गाठींत खरोखर अडकलेला भाग. दुसरा आकडा फुगण्याचा. तो साध्या पाण्यात काढू नका. लिटरभर पाण्यात 8.298 ग्रॅम सोडियम क्लोराइड आणि 0.368 ग्रॅम कॅल्शियम क्लोराइड डायहायड्रेट घाला. जखमेतून पाझरणाऱ्या पाण्यातले, म्हणजे लसेतले, क्षार साधारण असेच असतात. अल्जिनेटच्या पट्टीत हा फरक ठळक दिसतो, कारण तिच्या गाठी कॅल्शियमच्या आहेत. लसेतलं सोडियम कॅल्शियमची जागा घेतं आणि साध्या पाण्यात घट्ट राहिलेली पट्टी इथे सैल पडते. 37 अंशांवर ठेवा, तोलण्याआधी टिपकागदाने फक्त वरचं पाणी टिपा. दाबलंत तर आतलंही निघतं.

प्रश्न : सासऱ्यांना मधुमेह आहे. पायाच्या जखमेवर जेलची पट्टी लावतो, पण कडेची कातडी पांढरी पडून सुरकुतली आहे. पट्टी खराब आहे का?
– कसबा बावडा

उत्तर : पट्टीपेक्षा जागा चुकली असावी. हायड्रोजेलमध्ये मुळातच भरपूर पाणी असतं. कोरड्या, खपलीच्या जखमेला ते ओल देतं. लस वाहणाऱ्या जखमेवर ती आणखी लस फारशी सामावून घेत नाही, ओल कडेला साचते. तिथे अल्जिनेट किंवा फोमचं ड्रेसिंग बसतं. कोणतं, ते डॉक्टरांना पाय दाखवून ठरवा, मधुमेहात हे फोनवर नको. वास, पसरणारी लाली, सूज किंवा ताप असेल तर आजच जा. मधुमेहात अनेकदा दुखणं जाणवत नाही, म्हणून ‘दुखत नाही’ यावर विसंबू नका. तोवर पट्टी जखमेच्या मापाचीच कापा, चांगल्या कातडीवर चढू देऊ नका.