गोल्फमध्ये मोठ्या खेळाडूंना नियमांतून सूट मिळते का?

आपण विचारले आहे की व्यावसायिक गोल्फमध्ये नामवंतांना वेगळा न्याय लावला जातो का. सरसकट तसे मला म्हणवत नाही. पण 12 एप्रिल 2013 रोजी अमेरिकेतील ऑगस्टा येथे मास्टर्स या मानाच्या स्पर्धेच्या दुसऱ्या फेरीत जे घडले ते आठवले, की हा संशय कुठून येतो ते कळते.

चीनचा 14 वर्षांचा हौशी खेळाडू ग्वान त्यानलांग याला तेराव्या होलवर संथ खेळाबद्दल ताकीद मिळाली होती. सतराव्या होलवर दुसऱ्या फटक्याला त्याने पुन्हा 40 सेकंदांची मर्यादा ओलांडली आणि त्याला एक पेनल्टी स्ट्रोक (स्कोअरमध्ये वाढणारा दंडाचा फटका) पडला. नियमाने ते योग्यच होते. मात्र पीजीए टूरवर, म्हणजे अमेरिकेतील मुख्य व्यावसायिक स्पर्धामालिकेत, 1995 नंतर अशी शिक्षा कोणालाही झाली नव्हती, आणि रेंगाळणाऱ्यांची तिथे कधीच वानवा नव्हती.

त्याच फेरीत पंधराव्या होलवर टायगर वुड्सचा चेंडू झेंड्याच्या काठीवर आपटून पाण्यात गेला. आधीचा फटका जिथून मारला त्या जागेच्या शक्य तितक्या जवळ चेंडू ड्रॉप करायचा (हातातून खाली सोडायचा) असताना त्याने तो सुमारे दोन यार्ड मागे टाकला, आणि फेरी संपल्यावर मुलाखतीत ते स्वतःच सांगून टाकले. तोवर स्कोअरकार्डवर सही झाली होती. तेव्हाच्या नियमाने चुकीच्या कार्डावर सही म्हणजे खेळाडू बाद. तरीही समितीने अपवादात्मक प्रसंगी बाद करणे टाळू देणाऱ्या नियम 33-7 चा आधार घेऊन दोन स्ट्रोकवर भागवले. एका प्रेक्षकाने फोन करून कळवल्यावर समितीने चित्रण आधीच पाहिले होते, दोष नाही असे ठरवले होते आणि सहीपूर्वी वुड्सला काही विचारलेही नव्हते. आपली चूक खेळाडूच्या माथी मारली नाही हे मला रास्त वाटते, फक्त ग्वानच्या वाट्याला एवढा विचार आला नाही, इतकेच.

अर्थात सतत कॅमेऱ्यासमोर असणे उलटही फिरते. 2017 च्या एएनए इन्स्पिरेशन या महिलांच्या स्पर्धेत आघाडीवर असलेल्या लेक्सी थॉम्पसनने शनिवारी सतराव्या ग्रीनवर खूण ठेवून (मार्क करून) उचललेला चेंडू परत ठेवताना किंचित बाजूला ठेवला. रविवारी एका प्रेक्षकाचा ईमेल आला आणि बारावा होल संपल्यावर तिला चार स्ट्रोकची शिक्षा सांगण्यात आली: दोन चुकीच्या जागेबद्दल, दोन चुकीच्या कार्डाबद्दल. बरोबरीनंतरच्या प्लेऑफमध्ये ती हरली. 2018 पासून यूएसजीए आणि आर अँड ए या गोल्फचे नियम ठरवणाऱ्या संस्थांनी प्रेक्षकांच्या तक्रारी घेणे थांबवले आणि नकळत चुकलेल्या कार्डाची जादा शिक्षाही काढली. म्हणजे तिच्या चारांपैकी दोन स्ट्रोक आज लागलेच नसते, आणि तो ईमेल कोणी उघडलाही नसता.