क्विल्टिंग आणि लाइट वापरून इन्स्टॉलेशन करायचंय, सहा पॅनेल मागून उजळणार, प्लॅनिंग कुठून सुरू करू?

तुमच्या प्रश्नात शेवटी एक वाक्य आहे, "आधी सगळी पॅनेल शिवून घेणार, लाइटचं नंतर बघू." मी तिथेच अडकले. कृपा करून असं करू नका. मागून उजेड येणार असेल तर कात्री हातात घ्यायच्या आधी लाइट घरी आणा, एलईडीची मीटरभर पट्टी आणली तरी चालेल.

आम्ही दोघांनी मिळून एक काम केलं होतं, शिवायचं माझ्याकडे आणि लाइट एका मित्राकडे. छतापासून लोंबणारे पाच लांब पट्टे, पांढऱ्या आणि गडद निळ्या सुती चौकोनांचे, आत कॉटनचं वाडिंग, म्हणजे गोधडीत भरतात तो मऊ थर, मागे अस्तर. एक तुकडा तरी दिव्यासमोर धरून बघू असं मी सुरुवातीपासून म्हणत होते आणि त्याचं ठरलेलं उत्तर, तू शिव गं, लाइट म्हणजे तासाभराचं काम. उद्घाटनाच्या आदल्या रात्री पट्टे टांगले, हॉलचे दिवे घालवले, मागचे लावले आणि काळजात धस्स झालं. माझं डिझाइन कुठेच नव्हतं! चौकोनांचे कोपरे नीट जुळावेत म्हणून आपण शिवणीमागे उरलेली कापडाची कड एका ओळीत इकडे आणि पुढच्या ओळीत तिकडे दाबतो ना, तसंच मी दाबलं होतं, त्यामुळे जागोजागी पांढऱ्याच्या खालून पाव इंचाची निळी पट्टी दिसत होती. वाडिंग कुठे जाड कुठे पातळ, त्याचे ढग. आणि तिसऱ्या पट्ट्यावर एका पांढऱ्या चौकोनाच्या बरोब्बर मधे लाल दोऱ्याचं बोटभर टोक, ओल्या फरशीवर चिकटलेल्या केसासारखं वळलेलं. दिवसा ते कुणाला दिसलं नसतं. रात्री दोनपर्यंत अस्तर उसवून चिमट्याने दोरे ओढत बसले होते मी.

त्याने काय केलं, तर समोरून दोन फ्लडलाइट लावले आणि मागचा लाइट निम्मा केला. लोकांना आवडलं, आणि तो अजूनही सांगतो की काम लाइटने वाचवलं. मला हे कधीच पटलेलं नाही. सरळ समोरून उजेड पडला की टाक्यांच्या सावल्याच जातात, गोधडी छापील कापडासारखी सपाट दिसते. लाइटशिवाय गोधडी म्हणजे नुसतं पांघरूण हे त्याचं दुसरं मत, तेही चूक. १९७१ साली न्यूयॉर्कच्या व्हिटनी म्युझियमने जुन्या अमेरिकन गोधड्या पेंटिंगसारख्या भिंतीवर लावल्या होत्या, त्यांच्या मागे कुठला दिवा होता?

तर तुमच्यासाठी. मागून उजेड हवा तर वाडिंग काढूनच टाका. हवंच असेल तर पॉलिएस्टरचं पातळ घ्या, ते जास्त एकसारखं असतं. कोरियन पोजागी बघा, म्हणजे तुकडे जोडून केलेलं गुंडाळायचं कापड, त्यातल्या बिनअस्तराच्या प्रकारात तुकड्यांच्या कच्च्या कडा शिवणीच्या आत बंद होतात, जीन्सच्या पायाच्या शिवणीसारख्या, दोन्ही बाजू साफ. उजेडात तीच शिवण पेनाने ओढलेल्या रेघेसारखी दिसते, म्हणजे शिवण लपवायची नाही, तिनेच चित्र काढायचं. मीटरला ६० एलईडीची पट्टी म्हणजे दोन ठिपक्यांमधे साधारण १७ मिमी, कापड पट्टीपासून निदान तेवढं दूर ठेवा, दुप्पट-तिप्पट ठेवलंत तर उत्तम, नाहीतर ठिपके मोजता येतील. १२ व्होल्टची पट्टी पाच मीटरच्या पुढे नेली की टोकाला मंद होते, दोन्ही टोकांनी सप्लाय द्या किंवा २४ व्होल्टची घ्या. निळे रंग असतील तर २७०० केल्विनच्या पिवळसर उजेडात मळकट दिसतात, ४००० केल्विनचा जरा पांढरा लाइट लावून बघा. हॅलोजन कापडाजवळ नको, आणि एलईडीचा ड्रायव्हर, म्हणजे तिला वीज पुरवणारा डबा, तोसुद्धा कापडात गुंडाळून ठेवू नका, तो तापतो. रंग बदलणारे लाइट मुळीच नकोत, तुम्ही महिनाभर बसून निवडलेले रंग ते एका मिनिटात पुसून टाकतात.

हो, एक राहिलं. तुमचं काम जाड आणि भरगच्च टाक्यांचं असेल तर वरचं बरंचसं सोडून द्या, मागून उजेड नकोच, एका बाजूने अगदी तिरका सोडा, प्रत्येक टाका उठून येईल. आणि काम कायमचं राहणार असेल तर रंग उडतात हे लक्षात ठेवा, म्युझियमवाले जुनं कापड ५० लक्सच्या आसपास, म्हणजे अगदी मंद उजेडात ठेवतात ते उगाच नाही. कापडाने पेट घेऊ नये म्हणून मारतात ते कोटिंग हॉलवाले मागतील, आधी चिंधीवर मारून बघा, डाग पडू शकतात.

लाइट किती लागतील ते विचारलंय, पण पॅनेलचा साइज आणि भिंतीपासूनचं अंतर लिहिलेलं नाहीये, ते कळलं की सांगते. तोवर हातभर एकच तुकडा शिवा, अंधाऱ्या खोलीत पट्टीसमोर धरा आणि आधी त्याची मागची बाजू बघा.