केंद्राच्या कार्यालयात मराठी अर्ज

प्रश्न : केंद्र सरकारच्या एका कार्यालयात मराठीत तक्रार अर्ज दिला. ‘हिंदी राष्ट्रभाषा आहे, हिंदीत नाहीतर इंग्रजीत लिहून आणा,’ म्हणून तो परत केला. हे नियमाला धरून आहे का?

उत्तर : अजिबात नाही. संविधानाने कोणत्याही भाषेला राष्ट्रभाषा म्हटलेले नाही. अनुच्छेद ३४३ प्रमाणे देवनागरीतली हिंदी ही संघाची राजभाषा आहे आणि १९६३च्या राजभाषा अधिनियमामुळे इंग्रजीही चालू राहिली. हे बंधन कार्यालयाच्या कामकाजाला आहे, तुमच्या अर्जाला नाही. अनुच्छेद ३५० प्रत्येकाला गाऱ्हाणे मांडण्यासाठी संघात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत निवेदन देण्याचा हक्क देतो.

अर्ज पुन्हा द्या. विषयाच्या ओळीत ‘तक्रार निवारणाबाबत’ असे स्पष्ट लिहा, कारण हा अनुच्छेद गाऱ्हाण्यांपुरता आहे; नुसती ‘विनंती’ लिहिली की अडवायला जागा मिळते. त्याखाली लिहा : ‘भारतीय संविधानाच्या अनुच्छेद ३५० नुसार हे निवेदन मराठीत सादर करीत आहे.’ दोन प्रती न्या आणि एकीवर शिक्का-तारखेसह पोच घ्या. तरीही नकार आला तर वाद न घालता तो लेखी मागा. बहुतेकदा इथेच अर्ज घेतला जातो. नाहीच घेतला, तर कार्यालयप्रमुखांच्या नावे स्पीड पोस्टाने पाठवा.

उत्तर मात्र मराठीतच येईल असे धरून चालू नका. १९७६च्या राजभाषा नियमांत महाराष्ट्र ‘ख’ क्षेत्रात येतो. इथल्या नागरिकाला केंद्राचे कार्यालय हिंदीत किंवा इंग्रजीत लिहू शकते. अर्जदाराला आपल्या भाषेत उत्तर मिळण्याचा हक्क नसावा, ही या व्यवस्थेतली मोठी उणीव आहे.

तक्रारीचे पुढे काय झाले हे विचारायला माहिती अधिकार वापरा. २००५च्या अधिनियमाचे कलम ६(१) इंग्रजी, हिंदी किंवा अर्ज जिथे केला जातो तिथली राजभाषा मान्य करते. म्हणून मराठी अर्ज थेट दिल्लीला धाडू नका, महाराष्ट्रातल्या कार्यालयात द्या. शुल्क १० रुपये, मुदत ३० दिवस. सहायक माहिती अधिकाऱ्यामार्फत दिला तर ५ दिवस जास्त. मजकूर शक्यतो ५०० शब्दांत बसवा, पण तेवढ्या कारणावरून अर्ज फेटाळता येत नाही.

प्रश्न : याच कार्यालयाच्या फलकावर मराठी सर्वांत खाली आणि बारीक अक्षरांत आहे. चालते का?

उत्तर : नाही. क्रम आधी प्रादेशिक भाषा, मग हिंदी, मग इंग्रजी असा आहे आणि तिन्हींची अक्षरे सारख्या आकाराची हवीत. फलकाचा तारखेसह फोटो जोडून कार्यालयप्रमुखांना लिहा, अर्थातच मराठीत.